‘झालं’ आणि ‘होऊन राहिलं’

अकोल्याच्या एका शाळेत मी सेवानिवृत्तीपर्यंत मराठी शिकवले. मुलांच्या वहीत ‘मी अभ्यास करून राहिलो’ असे वाक्य आले की त्याखाली लाल रेघ ओढायची आणि शेजारी ‘करत आहे’ असे लिहायचे, हा माझ्या हाताचा परिपाठ होता. वऱ्हाडीतले हे ‘राहिलो’ परीक्षेत चालत नाही, एवढेच त्यामागचे कारण. ते रूप निरर्थक आहे असे मी कधी शिकवले नाही. पण त्यात नेमका किती अर्थ आहे, हे मला माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात कळले.

तिला आम्ही सारे अक्का म्हणतो. आमचे माहेर बाळापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. तिथल्या विहिरींचे पाणी खारट. त्यात डाळ शिजता शिजत नसे, आणि पाहुणे पहिला घोट घेऊन तांब्या खाली ठेवत. आम्हाला मात्र तेच पाणी गोड लागे. अक्का लग्न होऊन वलगावच्या एका शेतकरी घरात गेली, तिथे तिने उभा जन्म काढला, आणि भाऊजी गेल्यावर अमरावतीला मुलाकडे राहायला आली. मुलगा महाविद्यालयात शिकवतो. सून शिस्तीची, स्वच्छतेची, वेळेवर औषध देणारी. पुढचे सारे वाचताना हे लक्षात ठेवावे, की त्या घरात कोणीही अक्काचे वाईट चिंतलेले नव्हते.

मागच्या दिवाळीत मी चार दिवस तिथे होते. अक्काने पंचाहत्तरी ओलांडली होती आणि वयाच्या खुणा तिच्यात होत्याच. जिना चढताना ती मध्ये थांबे. समोरच्या घरातल्या बाईंचे नाव तिला ऐनवेळी आठवेना, पण चहा गाळताना ते आपोआप आठवले आणि ती चिमटा हातात धरूनच स्वयंपाकघरातून ओरडली, “हां! सापडलं पाह्य नाव!” चष्मा कपाळावर असताना तिने तो घरभर शोधला आणि सापडल्यावर आमच्याआधी तीच हसली. नाव उशिरा आठवणे, वस्तू ठेवलेली जागा चुकणे, पावलांचा वेग मंदावणे, हे वय आहे. त्याची चिंता करू नये. त्याच दिवाळीत अनारशाचे पीठ किती आंबले हे तिने नुसत्या वासावरून सांगितले होते, आणि आमच्या एका मावसभावाच्या लग्नात पंगतीला कोण कोणावर रुसले होते, ते माझी चूक काढून दुरुस्त केले होते.

संक्रांतीनंतर सुनेचा फोन आला.

“मावशी, आईंचं आता वय झालं. फार विसरतात. काल दुपारी बाराला विचारत होत्या, दिवा लावला का म्हणून.”

“कधीपासून गं?” मी विचारले.

“असं कधीपासून म्हणून काय सांगणार? वय झालं म्हणजे हळूहळू होणारच ना.”

मी अमरावतीला गेले. दिवाळीत पाहिलेली बाई त्या घरात नव्हती. पलंगावर बसलेली अक्का माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “आलीस का? बस.” आवाज जडावलेला. उठताना तिने भिंत धरली आणि पाय फाकवून, नाव हलत असताना नावाडी चालतो तशी ती चालली. न्हाणीघरात एकदा पडली होती. कोपरावर काळानिळा डाग होता. दुपारभर झोपली. जेवायला बसली आणि दोन घास खाऊन ताट सरकवले. “मळमळते,” म्हणाली. मग एकदम लहान मुलीसारखी, “मले मीठ दे ना.”

“आई, नाही हं,” सून म्हणाली. “तुमचं बीपी.”

तिच्या ताटातले सगळे अळणी होते. वरण अळणी, भाजी अळणी, भाकरीतही मीठ नाही. दिवाळीनंतर रक्तदाब वाढलेला आढळला, डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणून सांगितले. ‘कमी’ या शब्दाचा अर्थ त्या घराने ‘नाही’ असा घेतला. सुनेने मन लावून घेतला. शिवाय म्हाताऱ्या माणसाने पाणी भरपूर प्यावे असे तिने कुठेतरी ऐकले होते. उशाशी बाटल्या भरून ठेवलेल्या असत आणि संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या झाल्याच पाहिजेत असा नियम होता.

“हे काहीच नाही मावशी,” भाचा जेवता जेवता म्हणाला. “परवा मिठाची बरणी उघडून बोटानं चाटून राहिली होती. म्या म्हटलं, आई, बकरी झाली काय तू?”

अक्का मान वर न करता म्हणाली, “बकरीले मीठ देतेत रे बापा. तू मले तेही देत नाई.”

भाचा मोठ्याने हसला. सूनही हसली. मीही हसले असते. पण ते उत्तर नीट ऐकल्यावर मला वाटले, हे उत्तर म्हाताऱ्या झालेल्या डोक्याचे नाही. ते धुक्यात अडकलेल्या शाबूत डोक्याचे आहे. बरणी तेव्हापासून माळ्यावर गेली होती.

रात्रीच्या जेवणाआधी ती पुन्हा म्हणाली, “आपल्या विहिरीचं पानी आन. इथलं पानी अळनी हाये.” सुनेने माझ्याकडे असे पाहिले की जणू पुरावाच मिळाला. माहेरच्या विहिरीची आठवण काढणे हे घराच्या दृष्टीने शेवटचे लक्षण होते. म्हातारी माणसे अखेरीस माहेरी जातात, असे आपल्याकडे म्हणतातच.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला गच्चीवर नेले. तिवस्याजवळ एक वृद्धाश्रम आहे, म्हणाला. चांगले लोक आहेत. चोवीस तास माणूस असतो. आम्ही दोघेही नोकरीवर. ती गॅस सुरू ठेवून झोपली तर काय करता? गुढीपाडव्यानंतर जागा होणार आहे, बोलून ठेवले आहे.

“तिला विचारलंस?”

“मावशी, तिले विचारून काय समजते? आता विचारलं तं हो म्हणन, पाच मिनिटानं विसरन.”

“दिवाळीत ती मला चुका काढून दाखवत होती.”

“तेव्हाही वय होतंच ना. आता जास्त झालं.”

मी म्हटले, तिला थोडे दिवस अकोल्याला नेते. तिथे दाखवते. त्यावर तो हसून जे म्हणाला ते मी विसरलेले नाही. “तुमी मास्तरीन. तुमाले वाटते छडी दाखवली का सारं पाठ होते. न्या. पण पाडव्याले आणून सोडा, जागा हातची जाईल.”

म्हणजे प्रश्न सरळ होता. पाडव्यापर्यंत अक्का आजारी आहे असे ठरले, तर ती आपल्या घरात राहणार होती. ती म्हातारी आहे असेच कायम राहिले, तर तिवस्याला जाणार होती.

मूर्तिजापूर येईपर्यंत ती गाडीत झोपूनच होती. पिशवीत सुनेने सगळ्या गोळ्या व्यवस्थित घालून दिल्या होत्या. प्रत्येक पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहिलेले. माझ्या घराजवळच एक तरुण डॉक्टरीण बसते. अकोल्याचीच मुलगी, बोलणे रोखठोक. तिने अक्काला तपासले, वार विचारला, हात लांब करायला लावले, चालायला लावले. मग माझ्याकडे वळली.

“मॅडम, एक सांगा. हे असं होऊन राहिलं का झालं?”

मला वाटले, मला नीट ऐकू आले नाही.

“म्हंजे,” ती म्हणाली, “वर्षा-दोन वर्षांपासून हळूहळू होऊन राहिलं, का चांगली होती आन दोन-तीन महिन्यात असं झालं?”

“झालं,” मी म्हणाले. “दिवाळीत चांगली होती. झालं.”

“मंग हे वय नाई. वय होऊन राहते. ते दोन-तीन महिन्यात होत नसते.”

आयुष्यभर ज्या क्रियापदाखाली मी रेघ ओढली, त्याच क्रियापदाने त्या मुलीने माझ्या बहिणीची दोन भागांत वाटणी केली, आणि ती वाटणी बिनचूक होती. वय ही चालू असलेली क्रिया आहे. तिला सुरुवातीची तारीख सांगता येत नाही. ज्याची तारीख सांगता येते, ज्याच्या आधीचा आणि नंतरचा माणूस वेगळा दाखवता येतो, तो आजार असू शकतो, आणि त्याचे कारण शोधलेच पाहिजे. ‘वय झालं’ या दोन शब्दांत आपण चालू क्रियेला पूर्ण भूतकाळाचा प्रत्यय लावतो आणि पुढची चौकशी बंद करतो. घरातले सगळे सुशिक्षित. एकानेही विचारले नव्हते, कधी.

तिने गोळ्या पाहिल्या आणि एका पाकिटावर बोट ठेवले. दिवाळीनंतरची तीच. ही गोळी लघवीवाटे पाणी आणि क्षार दोन्ही बाहेर टाकते, म्हणाली. रक्त तपासायला पाठवले: साखर, थायरॉइड, जीवनसत्त्व, आणि रक्तातले क्षार. संध्याकाळी तिचाच फोन आला. रक्तातले सोडियम फार उतरले होते. आत्ताच्या आत्ता भरती करा, म्हणाली.

तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. गोळी क्षार बाहेर काढत होती, अळणी जेवण नवे मीठ आत येऊ देत नव्हते, आणि बाटल्या भरभरून पाणी उरलेले पातळ करत होते. मेंदू अशा पाण्यात फुगतो. माणूस झोपाळू होतो, बरळतो, पडतो, त्याला दिवसरात्र कळत नाही. डॉक्टरणीने ती गोळी बंद करून दुसरी सुरू केली, पाण्यावर मर्यादा घातली आणि क्षार सलाइनमधून अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा रक्त तपासत दिले. एकदम भरून दिले तरी मेंदूला इजा होते, म्हणून. घरी कोणी मिठाचे पाणी पाजून हा प्रयोग करू नये, असे तिने मला दोनदा बजावले. मास्तरणीला बजावायची तिला गंमत वाटत असावी.

“गोळी वाईट नाई,” ती म्हणाली. “लई लोकायले लागू पडते. पण उतारवयात सुरू केली का महिन्याच्या आत रक्त पाहा लागते. सांगितलं नव्हतं का कोनं?”

मी भाच्याला फोन करून विचारले.

“हो, म्हटलं होतं त्यायनं,” तो म्हणाला. “महिन्यानं रक्त तपासून या म्हणून. पण बीपी एकदम बरोबर येऊन राहिला होता. मंग काहून सुया टोचायच्या? तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत होतो.”

त्याच्या आवाजात अपराधीपणा नव्हता. मी फोन ठेवला.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले तर अक्का उशाला टेकून बसली होती आणि सिस्टरला दम देत होती. “बुधवार हाये ना आज? मंग काल काहून म्हटलं तुमी, बुधवार हाये म्हनून?” सिस्टर म्हणाली, आजी, चुकलं. अक्का म्हणाली, “वय झालं बाप्पा तुमचं.”

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी सिस्टर बाहेर गेल्यावर अक्का छताकडे पाहत म्हणाली, “मले सारं ऐकू येत होतं.”

“काय?”

“तिवसा. बकरी. तिले विचारून काय समजते. तुमी गच्चीवर होते, पन खिडकी उघडीच होती. मले फक्त उत्तर सापडत नव्हतं. शब्द डोक्यात होते, तोंडात येत नव्हते. तुमी सारे मी नाई असं समजून बोलून राहिले होते.”

मी ‘तुम्ही सारे’ या सर्वनामात स्वतःला शोधले. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

पाडव्याला मी तिला अमरावतीला नेऊन सोडले. भाच्याने पेढे आणले होते. सुनेने औक्षण केले आणि तिचे डोळे ओले होते. ते ढोंग नव्हते. वरणात बेताचे मीठ आले. भाचा म्हणाला, “मावशी, तुमी जिंकले. आता कुठं पाठवत नाई तिले.” मी परतले. तपासणीचा निकाल लागला आणि शिक्षा रद्द झाली, अशी माझी समजूत होती. आरोप कायम होता, हे पुढे कळले.

अक्का फोनवर बारीकसारीक सांगे. गोळी घेतली म्हटले तर सून पाकीट मोजून पाही. गॅस बंद केला म्हटले तर मागून येऊन कोणीतरी बटण चाचपून जाई. सिलिंडरवाला येऊन गेला म्हटले तर भाचा आधी समोरच्या घरी विचारून खात्री करी. “बरी झाली म्हंतेत,” ती म्हणाली, “पन खरी झाली नाई.”

लोणच्याच्या दिवसांत मी पुन्हा गेले. कैऱ्यांच्या फोडी बाजारातूनच करून आणल्या होत्या. अक्का पाटावर बसली. मिठासाठी तिने कधी वाटी वापरली नाही, ओंजळीचा अंदाज. माझ्यासमोर तिने फोडींवर मीठ आणि हळद टाकली, दोन्ही हातांनी खालून वर घोळवले, एक फोड जिभेला लावली आणि म्हणाली, “बरोबर. उद्या पानी सुटन, मंग मसाला.” आणि आडवी झाली. आम्ही दोघी आतल्या खोलीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने सुटलेले पाणी बोटाने चाखले आणि तोंड वाकडे केले. “बाई गं! खारट जहर.”

भाच्याने चाखले. अक्का तिथेच उभी होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “पाहिलं मावशी? दोनदा टाकलं तिनं मीठ. एकदा टाकून विसरली.”

“एकदाच टाकलं,” मी म्हणाले. “मी समोर होते. चाखूनही पाहिलं तिने.”

मग सून हळूच म्हणाली, “मी घातलं थोडं. काल त्या झोपल्यावर. मला वाटलं, विसरल्या असतील.”

मला वाटले, आता तरी. पण माझा उच्चशिक्षित भाचा म्हणाला, “म्हणजे तेच ना. आईवर भरवसा ठेवता आला असता तं हिनं कशाले घातलं असतं?”

या वाक्याचे व्याकरण मी पुष्कळ वेळा तपासून पाहिले आहे. त्यात कर्ता सून आहे, क्रिया सुनेची आहे, आणि दोष अक्काचा आहे. वाक्य शुद्ध आहे.

अक्का शांतपणे म्हणाली, “खारट झालं त्याले उपाय हाये. फेकू नका. अजून फोडी आना आन त्यात टाका.”

“राहू दे आई, तू आराम कर,” भाचा म्हणाला. आणि सुनेला, आवाज किंचित खाली आणून, पण त्याच खोलीत: “तिवस्यावाल्यायले म्या अजून नाही म्हटलंच नाही.”

अक्काने ऐकले. मी तिचा चेहरा पाहत होते. ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. “चाल,” मला म्हणाली. “मी अकोल्याले येतो. इथं मी बरी हाये का नाई ते दररोज पाहा लागते या लोकायले. त्रास होते पोरायले.”

भाच्याने आग्रह केला, अर्थातच. लोक काय म्हणतील, म्हणाला. ते खरेही होते. मुलाचे भरले घर सोडून म्हातारी बाई बहिणीच्या दारात जाते, ही आमच्याकडे चांगली गोष्ट मानत नाहीत, आणि अक्काला ते त्याच्याहून अधिक कळत होते. निघताना तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. “फोडी टाकजो,” म्हणाली. “आठ दिवसात बरोबर येते.” ते लोणचे पुढे फेकून दिले, असे मला नंतर समजले.

ती माझ्याकडे राहते. महिन्याला रक्त तपासतो; क्षार ठीक आहेत. नावे विसरते, चहा गाळताना आठवतात.

मागच्या महिन्यात अकोल्यातच एका नातलगांकडे बारसे होते. पंगतीत एक दूरची वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “अक्का तुमच्याकडं म्हणे? भाचा सांगत होता, वय झालं, शेवटी माहेराकडची ओढ लागली.” अक्का माझ्या शेजारच्याच पाटावर होती. तिने ऐकले की नाही ते सांगता येत नाही. ती वाढणाऱ्या तरुणाला म्हणाली, “थोडं मीठ वाढ बापा.”

त्याने चमचा ताटावर धरला, थांबला, आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवल्यावर त्याने वाढले.